वाकडा हात

साडेसातच्या फेरीला होडीतली झाडून सगळी माणसं मोठ्यांदा आकडे म्हणायची. नवख्याला वाटायचं, होडीत शाळा भरली की काय. होडीच्या मागच्या फळीला लावलेलं इंजिन चालू करायला कप्तान त्याची दोरी हिसकायचा आणि प्रत्येक हिसक्याला प्रवासी एका सुरात ओरडायचे, "एक! दोन! तीन!" या मंडळाचं पुढारीपण पैलतीरावरच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या बाईंकडे होतं. नवाच्या आत इंजिन लागलं तर टाळ्या, बाराच्या पुढे गेलं तर उसासे, आणि अठरा झाले की बाई पिशवीतून वह्या काढून तपासायला घ्यायच्या.

कप्तान म्हणजे सोनेरी पट्ट्यांची टोपीबिपी घालणारा कप्तान नव्हे. आठ माणसं आणि दोन सायकली मावतील एवढ्या लाकडी होडीचा तो मालक. पण मागच्या फळीवर उजव्या अंगाला बसून, डावा हात इंजिनाच्या हँडलवर टाकून, तो समोर असं काही बघायचा की आता सातासमुद्रांपलीकडे जायचंय. जायचं असायचं समोरच्या धक्क्यावर. म्हणून लोकांनी चेष्टेनं कप्तान म्हणायला सुरुवात केली आणि त्यानं ते मनापासून खरं मानलं.

होडीच्या तोंडाशी त्याची बायको दोर घेऊन उभी असायची. कप्तानाची बायको म्हणून ती सगळ्यांची वहिनी, अगदी तिच्याहून वीस वर्षांनी मोठ्या असलेल्यांचीसुद्धा. धक्का चार-पाच हातांवर आला की ती दोराचा फास फेकायची आणि तो बरोब्बर खुंटाच्या गळ्यात जाऊन पडायचा. वारा असो, लाट असो, मध्ये कुणाची छत्री असो. बावीस वर्षांत तो नेम एकदाही चुकला नव्हता. पण रोजचंच झाल्यामुळे त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं, खुद्द वहिनीलाही नाही. कारण आपला हात वाकडा आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ही वाकड्या हाताची भानगड सांगितली पाहिजे. इंजिन आल्यावर वर्षभरातच वहिनीनं एकदा हट्ट धरला, की मला चालवून बघायचंय. कप्तान आढेवेढे घेत तयार झाला. तसा तो हँडल कुणाला देत नसे. हँडल आणि दात घासायचा ब्रश कुणाला द्यायचा नसतो, असं त्याचं म्हणणं होतं. त्यानं तिला उजव्या अंगाला बसवलं आणि बजावलं, "हे मधोमध धर. मी धरतो तसं. बोटभरसुद्धा हलवू नकोस."

वहिनीनं बोटभरसुद्धा हलवलं नाही. सकाळचं धुकं होतं, समोरचा काठ दिसत नव्हता. होडी निघाली ती गुपचूप उजवीकडे वळत वळत, खाडीत एक मोठी गोल फेरी मारून, निघाली होती त्याच धक्क्याला येऊन लागली. एक म्हातारे गृहस्थ पैलतीर आला असं समजून उतरले, वहिनीला "छान चालवलीस हो" म्हणाले आणि भराभरा चालायला लागले. मुलीच्या घरी निघालेले ते पाच मिनिटांत स्वतःच्याच दारात पोहोचले.

एवढी फजिती गावाला कितीतरी वर्षं पुरली. वहिनीनं नंतर आणखी दोनदा प्रयत्न केला. एकदा होडी काठच्या वेतात घुसली, एकदा तरंगत्या पिंपावर आदळली, दोन्ही वेळा उजवीकडे. कप्तान खो खो हसला आणि म्हणाला, "अगं, तुझा हातच वाकडा!" झालं. ते वाक्य घरात राहायलाच आलं. भिंतीवरचा फोटो तिरका दिसला, वाकडा हात. शर्टाची इस्त्री मोडली, वाकडा हात. मुलगी शाळेत असताना भूमितीची वही घेऊन आईकडे गेली तर कप्तान तिथूनच ओरडायचा, "आईकडून रेघ नको काढून घेऊस गं, नापास होशील!" त्यात दुष्टपणा नव्हता, तो तिला जिवापाड जपायचा. पण रोज ऐकलं की माणूस मानायला लागतं. बँकेत सही करतानासुद्धा वहिनी आधीच सांगून टाकायची, "माझा हात जरा वाकडा आहे हं."

तर एका सोमवारी आकडे अठराच्या पुढे गेले. बाईंच्या वह्या निघाल्या. पंचवीस झाले, कुणीतरी डबा उघडला. एकतिसाव्या हिसक्याला इंजिन लागलं, टाळ्यांचा कडकडाट झाला आणि त्या कडकडाटातही कप्तानाच्या उजव्या खांद्यातला 'कट्' वहिनीला ऐकू आला.

डॉक्टरांनी हात गळ्यात बांधला. "तीन महिने दोरी ओढायची नाही. त्यानंतरही जपून."

"मग होडी कशी निघणार?" कप्तानानं विचारलं.

"ते मी कसं सांगू? मी खांद्यांचा डॉक्टर आहे."

धक्क्याच्या ऑफिसचा नियम असा, की फेरी सलग पंधरा दिवस बंद राहिली तर ती दुसऱ्याला द्यायची. आणि दुसरा तयारच होता. वरच्या अंगाला एका कंपनीच्या दोन मोठ्या लोखंडी बोटी होत्या, त्यांना ही फेरी कधीपासून हवी होती. फेरी गेली असती तरी खायचे वांधे नव्हते. मुलगी शहरात नोकरीला होती आणि फोनवर सारखं म्हणायची, "आता पुरे ना बाबा, या माझ्याकडे." पण फेरी गेली तर सकाळी साडेसातला करायचं काय, हा प्रश्न होता. कप्तान या विचारानं पहिल्या दोन दिवसांतच इतका गप्प झाला, की वहिनीनं मुद्दाम फोटो तिरका टांगून बघितला. तो काही बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी पाना आला. पाना म्हणजे धक्क्यामागचा मेकॅनिक. त्याच्या मागच्या खिशात कायम एक पाना असायचा आणि त्यामुळे तो कुठेही नीट बसू शकत नसे. त्यानं इंजिनाचं टोपण काढलं, आत डोकावला, नाकानं हुंगलं आणि टोपण परत लावलं.

"कप्तान, याचं झालं आता."

"काय झालं? रोज लागतंय की."

"एकतीस हिसक्यांनी. आत दाबच राहिला नाही. पुढच्या महिन्यात एकसष्ट लागतील."

"तुझं काम आहे ना ते? दुरुस्त कर."

"अहो, याचे भाग बनवणारे रिटायर झाले." पाना वहिनीकडे वळला. "एक सेकंडहँड आहे माझ्या नजरेत. बटण स्टार्ट. बोटानं दाबायचं, लागलं. यांना उजवा हात लागणारच नाही. डावा तर शाबूत आहे."

कप्तानानं नाक मुरडलं. "दुसऱ्यानं वापरलेलं? कुणास ठाऊक कसं वापरलं असेल. आणि बटण कसलं? बटण दाबून दिवा लावतात."

"बघायला काय जातंय?" वहिनी म्हणाली. एवढं म्हणून ती चप्पल घालून दारात उभीसुद्धा राहिली. तिला दिसत होतं, की हा माणूस घरी बसला तर खांद्यानं नव्हे, खुर्चीनं म्हातारा होईल.

इंजिन निघालं एका दातांच्या डॉक्टरांचं. पाच वर्षांपूर्वी मासेमारीचा नाद लागून त्यांनी नवंकोरं घेतलं आणि तिसऱ्याच खेपेला त्यांना शोध लागला, की आपल्याला होडी लागते. तेव्हापासून इंजिन दवाखान्याच्या मागच्या खोलीत, एका स्टँडवर, पांढऱ्या चादरीखाली उभं होतं. खाली पंखा तेवढा उघडा दिसायचा.

"पेशंट घाबरतात हो," डॉक्टर रडवेल्या चेहऱ्यानं म्हणाले. "पडदा जरा सरकला की विचारतात, डॉक्टर, ते माझ्यासाठी आहे का? दोघं तर खुर्चीतून उठून गेले."

कप्तानानं चादर उचलली. इंजिन लखलखत होतं. त्यानं त्याच्याभोवती दोन चकरा मारल्या, टिचकी मारली, कान लावला. दोष सापडेना म्हणून तो आणखी चिडला. शेवटी म्हणाला, "रंग फार चमकतोय."

"मळेल की," पाना म्हणाला.

ठरलं असं, की रविवारी चालवून बघायचं आणि मग काय ते सांगायचं. डॉक्टरांनी स्वतः गाडीत घालून ते धक्क्यावर आणलं. पानानं जुनं काढून धक्क्यावर आडवं ठेवलं आणि नवं, म्हणजे जुनंच पण यांना नवं, फळीला आवळून बसवलं. डॉक्टर धक्क्यावरच थांबले. हलणाऱ्या पाण्याकडे बघायलासुद्धा ते तयार नव्हते, म्हणून होडीकडे पाठ करून उभे होते.

कप्तान बसला. दोरी शोधायला त्याचा हात सवयीनं मागे गेला आणि रिकामा परत आला. मग त्यानं अंगठ्यानं बटण दाबलं. इंजिन मांजरीसारखं घुरघुरलं. कप्तानाच्या चेहऱ्यावर नको म्हणता म्हणता हसू आलंच. वहिनीनं ते पाहिलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. झालं एकदाचं, असं तिला वाटलं.

होडी निघाली. आणि निघाली ती डावीकडे.

थोडीशी नव्हे, चांगलीच. समोरच्या धक्क्याचा नेम धरलेली होडी वळत वळत वेतात शिरली. दोन बगळे उडाले. पाना पुढच्या फळीवरून घसरला आणि खिशातला पाना नको तिथे टोचल्यामुळे ओरडला.

"बघितलंस?" कप्तान म्हणाला. "वाकडं आहे हे."

"परत घ्या बघू," पाना म्हणाला.

परत घेतली. परत डावीकडे. तिसऱ्यांदा तर होडी इतकी वळली, की डॉक्टरांची पाठ दिसायच्या ऐवजी एकदम तोंड दिसलं. आवाज जवळ आला म्हणून ते दचकून वळले होते.

"इंजिन वाकडं आहे," कप्तानानं निकाल दिला. "मी हे बघ कसं मधोमध धरलंय. बावीस वर्षं धरतोय. आता मला मधोमध म्हणजे काय ते कळत नाही?"

"मी बघतो," असं म्हणत पानानं त्याला उठवलं आणि स्वतः अर्धवट बसून, अर्धवट उभा राहून हँडल धरलं. होडी सुतासारखी सरळ गेली आणि सरळ परत आली.

कप्तानानं हनुवटी खाजवली. मग म्हणाला, "तुला चालवता येत नाही, म्हणून सरळ गेली."

"म्हणजे?"

"म्हणजे इंजिन डावीकडे ओढतंय आणि तू चुकून उजवीकडे नेतोयस. दोन चुका मिळून सरळ झालं. नशीब तुझं."

पानानं कपाळाला हात लावला. त्याचं दुकान होतं, त्याला काही रोज होडी चालवायची नव्हती. चालवायची कप्तानाला होती आणि कप्तान धक्क्यावर उतरून, बांधलेला हात पोटाशी धरून, डॉक्टरांना सांगत होता, "माफ करा. माल चांगला आहे, पण वाकडा आहे. मला नको." डॉक्टरांचा चेहरा पडला. त्यांच्या डोळ्यांसमोर ती पांढरी चादर आली असणार.

वहिनी अजून होडीतच उभी होती. पंधरातले सहा दिवस संपले होते. हे इंजिन नाही म्हणजे दुसरं शोधा, ते कुठल्या गावी असेल कोण जाणे, आणि तेही यांना वाकडंच वाटणार. तिला समोर स्वच्छ दिसलं: लोखंडी बोट येणार, बाई आणि बाकीचे तिच्यात बसणार, कुणी आकडे म्हणणार नाही, आणि हा माणूस घरात खुर्चीवर बसून भिंतीकडे बघत राहणार. तिला एकदम राग आला. कुणाचा, ते तिला धड कळलं नाही. ती चार पावलं मागे आली आणि उजव्या अंगाला जाऊन बसली.

"मी बघते एकदा," ती म्हणाली.

"तू?" कप्तान धक्क्यावरून हसला. खरं तर सहा दिवसांत पहिल्यांदाच हसला. "अगं, तुझा हात..."

"वाकडा आहे. माहीत आहे. इंजिनपण वाकडं आहे म्हणता ना? मग जमेल आमचं."

पाना पुढे सरकून बसला आणि खबरदारी म्हणून त्यानं खिशातला पाना काढून हातात धरला.

वहिनीनं बटण दाबलं. हँडल मधोमध धरलं. बावीस वर्षांपूर्वी सांगितलं होतं तसंच, बोटभरसुद्धा न हलवता. होडीचं तोंड समोरच्या धक्क्याच्या खुंटाकडे होतं. ते तसंच राहिलं. ती वाट बघत होती, आता वळेल, आता वळेल. अर्धी खाडी झाली. मागे वळून बघायची तिला भीती वाटत होती, पण पाना मागे बघत होता आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं होतं. मागे पाण्यावर होडीची पांढरी रेघ उमटली होती. भूमितीच्या वहीत पट्टी धरून काढावी, तशी.

समोरच्या धक्क्याशी वळण घेऊन ती परत निघाली. आणि मग वहिनीला हसू फुटलं. ते आवरेना. डोळ्यांतून पाणी आलं तरी आवरेना. वेग वाढवला, तरी होडी सरळ. कमी केला, तरी सरळ. तिनं मुद्दाम नागमोडी दोन वळणं घेतली आणि परत सरळ केली. होडी तिचं ऐकत होती! धक्क्यावर कप्तान आणि डॉक्टर दोघंही तिच्याकडे तोंड करून उभे होते. डॉक्टरांचं हलणाऱ्या पाण्याकडे लक्षच नव्हतं.

"वहिनी," पाना अचानक म्हणाला, "कप्तान हँडल कुठं धरत होता, बघितलंत?"

"मधोमध."

"कसलं मधोमध! पोटाशी. पार पोटाशी ओढून धरत होता. हँडल उजवीकडे ओढलं की होडी उलटी, डावीकडेच जाणार. मला वाटलं, नव्या इंजिनाला घाबरून धरलंय."

होडी लागली तसा पाना उडी मारून जुन्या इंजिनाकडे गेला. "डॉक्टर, तुमचा तो आरसा आहे का? दाढा बघायचा?"

डॉक्टरांच्या खिशात रविवारीही आरसा होता. पाना पालथा पडला आणि दाढेखाली बघावं तसा पंख्याच्या वरच्या पत्र्याखाली बघायला लागला. मग तसाच सरपटत जाऊन त्यानं होडीवरचं इंजिन पाण्यातून वर उचललं आणि त्याच्या खाली आरसा धरला.

"या इकडे कप्तान. हे बघा. इथं खाली बोटभर पंख आहे ना, शेपटीसारखा? पंखा फिरला की होडीला एका अंगाला ओढतो. ती ओढ हा एवढासा पंख मारतो. हा तिरका बसवलेला असतो मुद्दाम, म्हणून होडी सरळ जाते." त्यानं जुन्या इंजिनाकडे बोट दाखवलं. "आणि यावर तो नाहीच. मी आजवर वरचं डोकंच उघडत आलो, खाली कधी बघितलंच नाही. पण इथं काहीतरी होतं. नुसतं तुटलेलं नाही. घासलंय कुणीतरी. चांगलं गुळगुळीत घासलंय."

कप्तान आरशात बघत राहिला. त्याचे कान हळूहळू लाल व्हायला लागले.

"अहो?" वहिनी म्हणाली.

"पहिल्याच महिन्यात," तो तोंडातल्या तोंडात म्हणाला, "खडकाला लागून अर्धा तुटला होता. राहिलेल्या तुकड्यात शेवाळ अडकायचं. मला वाटलं, शोभेचा असेल."

"मग?"

"मग मी कानस घेऊन घासून टाकला."

डॉक्टरांना यातलं काही कळलं नव्हतं, तरी आपल्या आरशात काहीतरी गंभीर सापडलंय एवढं समजून त्यांनी पेशंटसमोर हलवतात तशी मान हलवली.

वहिनीच्या डोक्यात मात्र एकेक गोष्ट उलगडत होती. इंजिन उजवीकडे ओढायचं. हा हँडल पोटाशी ओढून होडी सरळ ठेवायचा आणि त्यालाच मधोमध म्हणायचा. रोज थोडं थोडं, त्याला स्वतःला न कळता. आणि तिनं मात्र सांगितल्याप्रमाणे खरंखुरं मधोमध धरलं, म्हणून ती म्हातारबाबांना त्यांच्याच दारात सोडून आली. बावीस वर्षं ती फोटो टांगायला शेजारणीला बोलवत होती. बँकेत माफी मागत होती. आणि दिवसातून बारा वेळा, चालत्या होडीतून, खुंटाच्या गळ्यात दोर घालत होती! तिला वाईट वाटलं, खूप वाटलं. एवढा साधा हिशेब आपण आपल्याशी कधी केला नाही, याचं तिला सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

कप्तान तिच्यासमोर उभा होता. बांधलेला हात, लाल कान. "अगं," तो म्हणाला, "म्हणजे तुझा हात..."

"हं, बोला."

"सरळ होता."

"मोठ्यांदा. डॉक्टरांना ऐकू आलं नाही."

"तुझा हात सरळ आहे!" कप्तान ओरडला. पैलतीरावर कपडे वाळत घालणाऱ्या एका बाईनं वर बघितलं. "माझाच वाकडा झालाय! बावीस वर्षांचा!"

त्यावर पाना हसला, मग डॉक्टर हसले, आणि मग कप्तान स्वतःच एवढा हसला, की त्याला खांद्यातून कळ आली. "आई गं" म्हणत आणि हसत तो धक्क्यावर खालीच बसला. वहिनी त्याच्याशेजारी बसली. तिचा राग होता कुठेतरी, पण तो शोधायला तिला वेळ नव्हता.

"इंजिन घ्यायचं का मग?" पानानं विचारलं. "कप्तान, आठ-दहा दिवसांत हात बसेल तुमचा. पोटाशी ओढायचं सोडायचं फक्त."

कप्तान वहिनीकडे बघायला लागला. असं परवानगी मागितल्यासारखं त्यानं आयुष्यात कधी बघितलं नसेल.

"घ्यायचं," वहिनी म्हणाली. "यांना शिकायला लागतील तितके दिवस लागू देत. उद्यापासून मी चालवते."

डॉक्टरांनी चादरसुद्धा फुकट देऊ केली.

सोमवारी साडेसातला होडी गच्च भरली. बातमी आधीच पोचली होती. ज्यांना पलीकडे काही काम नव्हतं तेही आले होते. वहिनी मागे उजव्या अंगाला बसली. कप्तान पुढे, होडीच्या तोंडाशी, डाव्या हातात दोराचं वेटोळं घेऊन उभा राहिला. तिथून खाडी वेगळीच दिसत होती आणि समोर धरायला काहीच नव्हतं.

गणिताच्या बाईंनी हात वर केला. सगळ्यांनी श्वास घेतला. वहिनीनं बटण दाबलं.

"एक!" सगळे ओरडले, आणि पुढे ओरडायला काही उरलंच नाही. बाईंचा हात हवेतच राहिला. बिचाऱ्या इतक्या हिरमुसल्या, की वहिनीला त्यांची दया आली.

होडी सरळ निघाली. तेच ते म्हातारे गृहस्थ, आता फारच म्हातारे, काठी टेकून मधल्या फळीवर बसले होते. समोरचा काठ जवळ येताना त्यांनी तो नीट निरखला, खात्री करून घेतली आणि मगच वळून वहिनीला म्हणाले, "आज पलीकडेच आलो की गं!"

वहिनीनं वेग कमी केला. धक्का चार-पाच हातांवर आला. कप्तानानं छाती पुढे काढली, खुंटाकडे पाहिलं आणि डाव्या हातानं दोर भिरकावला. फास खुंटाच्या हातभर अलीकडे पाण्यात पडला. डुबुक.

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. मग बाईंचा चेहरा उजळला.

"एक!" त्या म्हणाल्या.

कप्तानानं ओला दोर ओढून घेतला. वहिनी इंजिन पुढेमागे करत होडी जागेवर धरून होती. दोर परत उडाला, खुंटावरून पलीकडे गेला आणि कुणाच्या तरी सायकलच्या हँडलला अडकला. "दोन!" सगळी होडी ओरडली. तीनही पाण्यात. चारला पाण्याचे थेंब बाईंच्या चष्म्यावर उडाले, पण त्यांना त्याचं काही नव्हतं. "पाच!" "सहा!" धक्क्यावर उभी माणसंही मोजायला लागली. कप्तान भिजला होता, घामानं आणि पाण्यानं, आणि सातव्यांदा फास खुंटाला नुसता घासून सरकला तेव्हा त्यानं मान वळवून बायकोकडे पाहिलं. ते वाक्य आता येणार, हे त्याला माहीत होतं. सगळ्या होडीला माहीत होतं. बावीस वर्षांचं होतं, आणि तिचा हक्कच होता त्यावर.

वहिनीनं हँडल मधोमध धरलं आणि सगळ्यांकडे करड्या नजरेनं पाहिलं.

"हसू नका हो कुणी," ती म्हणाली. "नवीन माणूस आहे. शिकेल."